ग्रीको-रोमन कुस्तीत कारकीर्द कशी घडवावी: कोल्हापूरच्या मल्लांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

कोल्हापुरात मुलगा तालमीत जाऊ लागला की घरच्यांच्या मनात खासबाग मैदान, महाराष्ट्र केसरीची गदा आणि हलगीच्या कडकडाटात ठोकलेला शड्डू एवढेच येते. ग्रीको-रोमन कुस्तीचा, म्हणजे कमरेच्या खाली पकड न घेता गादीवर लढायच्या प्रकाराचा, विचार होतो तो सहसा उशिरा आणि नाइलाजाने. फ्रीस्टाइलच्या, म्हणजे पायांवरही हल्ला चालणाऱ्या प्रकाराच्या, निवड चाचणीत मुलगा हरतो, त्याच वजनगटात ग्रीकोला खेळाडू कमी असतात, आणि कोणीतरी सुचवले म्हणून तो तिकडे उभा राहतो. या वाटेने जिल्ह्याचे, क्वचित राज्याचेही पदक मिळते. कारकीर्द मात्र घडत नाही, कारण पुढच्या पातळीवर समोर येणारा मल्ल कित्येक वर्षे फक्त हाच प्रकार लढत आलेला असतो. म्हणून हा प्रकार निवडायचा असेल तर तो वेळेवर आणि ठरवून निवडावा. तसा निवडला तर कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या मुलाकडे त्यासाठी लागणारी बरीच शिदोरी आधीच असते.

याला जुना दाखला आहे. 1960 चे हिंदकेसरी आणि पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून मल्लांच्या पिढ्या घडवणारे गणपतराव आंदळकर यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ग्रीको-रोमनच्या सर्वांत वरच्या वजनगटात सुवर्णपदक जिंकले आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य जिंकले. दोघांचीही जडणघडण मातीतली होती. आज एकाच मल्लाने दोन्ही प्रकार आंतरराष्ट्रीय पातळीवर लढण्याचे दिवस जवळजवळ संपले आहेत, त्यामुळे त्यांच्यासारखे दोन्हीकडे हात मारण्याचा मोह टाळावा. पण मातीतून या प्रकाराकडे जाता येते, एवढे त्यांच्या उदाहरणाने नक्की सिद्ध होते.

काय चालते आणि काय चालत नाही

ग्रीको-रोमनमध्ये कमरेच्या खाली पकड घेता येत नाही, आणि डाव मारण्यासाठी किंवा बचावासाठी पायाचा वापर करता येत नाही. त्यामुळे एकेरी पट, दुहेरी पट, एकलंगी, टांग, आकडी, कलाजंग हे सारे डाव बाद होतात. बचावात सवयीने पाय आडवा घातला तरी ताकीद मिळते, प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात गुण जातात, आणि तीन ताकिदी झाल्या की कुस्ती हातची जाते. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती असते. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर प्रतिस्पर्ध्याला ढकलल्यास एक गुण, खाली घेऊन ताबा मिळवल्यास दोन, थेट पाठीवर नेणाऱ्या फेकीला चार आणि हवेत उचलून मोठ्या कमानीने मारलेल्या फेकीला पाच गुण मिळतात. दोन्ही खांदे टेकले की चितपट, हे मातीतल्यासारखेच आहे. मात्र आठ गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच थांबते. फ्रीस्टाइलमध्ये ही मर्यादा दहा गुणांची आहे, आणि हा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

तो का मोठा आहे, हे समजण्यासाठी गादीवरच्या पालथ्या स्थितीकडे पाहावे लागते. जो मल्ल हल्ला करीत नाही त्याला पंच निष्क्रिय ठरवतात, आणि त्याला पालथे घालून वरून डाव करण्याची संधी प्रतिस्पर्ध्याला मिळते. छाती-पोटाभोवती विळखा घालून त्याला आपल्या अंगावरून उलटवणे, म्हणजेच भारंदाज, हा येथला हुकमी डाव असून दर पलटीला दोन गुण मिळतात. विळखा पक्का बसला तर चार पलट्यांत आठ गुण होतात आणि पहिल्या फेरीतच कुस्ती संपू शकते. उभ्याने तोडीस तोड लढणारा मुलगा या एका स्थितीत हरतो, हे राष्ट्रीय स्पर्धांमध्ये वारंवार दिसते. निष्क्रियतेविषयीचे तपशील जागतिक कुस्ती संघटना अधूनमधून बदलत असते. म्हणून चालू वर्षाची नियमपुस्तिका मिळवून मल्लाने आणि प्रशिक्षकाने ती एकत्र बसून वाचावी. आपल्याकडे नियम ऐकीव ज्ञानावर चालवण्याची सवय आहे, आणि ती महागात पडते.

मुलींच्या पालकांसाठी एक स्पष्टता: ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धेत महिलांची कुस्ती फ्रीस्टाइलच असते, त्यामुळे हा मार्ग सध्या मुलांपुरताच आहे.

तालमीतले काय ठेवावे, काय सोडावे

तालमीतली मेहनत टाकाऊ आहे आणि गादीवर गेल्यावर सगळे नव्याने शिकावे लागते, असे काही नव्या दमाचे प्रशिक्षक सांगतात. हे मत एकांगी आहे. जोर, दोरी चढणे, मल्लखांब, मानेचा व्यायाम आणि माती खणणे यांतून खांदे, पाठ, मनगट व मान यांची जी ताकद तयार होते तिच्यावरच ग्रीको-रोमन उभी आहे. बैठकांनाही सुट्टी देऊ नये. पायांनी डाव मारता येत नसला, तरी प्रतिस्पर्ध्याला उचलण्याचा जोर मांड्या आणि कंबर यांतूनच येतो. खडाखडीत मनगट धरणे, मानेवर हात टाकणे, कोपर झटकणे हे जे तासन्‌तास चालते ते तर या प्रकाराचे थेट पूर्वशिक्षण आहे.

सोडायची आहे ती मुख्यतः उभे राहण्याची पद्धत. पट येईल या धास्तीने मातीतला आणि फ्रीस्टाइलचा मल्ल कंबर मागे ठेवतो, डोके पुढे घालतो आणि हात खाली लोंबते ठेवतो. ग्रीको-रोमनमध्ये पायांवर हल्ला होणारच नसतो, त्यामुळे ताठ उभे राहून, कंबर पुढे घेऊन, छातीला छाती भिडवावी लागते. डोके घालून ढकलत राहणाऱ्याची मान वरून दाबली जाते, त्याचे डोके आणि हात एकत्र जखडले जातात, आणि पंचही अशा मल्लाला लवकर निष्क्रिय ठरवतात. ही सवय मोडण्यास बराच काळ लागतो. म्हणून निदान सुरुवातीच्या काळात मुलाने फ्रीस्टाइलचा सराव आणि मैदानी कुस्त्या पूर्ण थांबवाव्यात. सकाळी एक पवित्रा आणि संध्याकाळी दुसरा, असे केल्यास दोन्ही अर्धवट राहतात.

रोजच्या सरावाचा पाया म्हणजे हात आत घालण्याची झटापट. दोघे मल्ल छातीला छाती लावून उभे राहतात आणि आपला हात प्रतिस्पर्ध्याच्या काखेतून आत घालून त्याचा हात बाहेर काढण्याचा प्रयत्न करतात. ज्याचे दोन्ही हात आत, त्याच्या हाती विळखा, आणि विळख्यातूनच फेक निघते. आरंभी हे सावकाश, लय पकडत करावे, मग वेग वाढवावा आणि शेवटी सहा मिनिटांच्या पूर्ण लढतीइतका वेळ न थांबता चालवावे. त्यानंतर एक हात ओढून पाठीमागे जाण्याचा सराव करावा आणि मग फेकींकडे वळावे. ढाक आणि धोबीपछाड या ओळखीच्या डावांचा येथे चांगला उपयोग होतो, पण ढाक मारताना पुष्कळ मुले नकळत पाय आडवा घालतात. तो न घालता केवळ कंबर आणि हात यांच्या बळावर डाव पूर्ण व्हायला हवा.

मागे कमान टाकून मारायची फेक मात्र घाईने शिकवू नये. प्रथम भिंतीला हात लावत उतरून पूल (पाठीची मागे कमान) करण्याचा सराव, मग उभ्याने मागे पूल, मग डमी आणि सर्वांत शेवटी हलका जोडीदार, हा क्रम पाळावा. मानेचा पूल पक्का नसलेल्या मुलाकडून ही फेक करून घेणे म्हणजे त्याच्या मणक्याशी खेळणे होय. जाड गादी आणि जाणता प्रशिक्षक यांपैकी एकही नसेल, तर हा डाव पुढे ढकललेला बरा.

पालथ्या स्थितीचा सराव दर सत्रात वेगळा ठेवावा आणि त्यात बचावाला अधिक वेळ द्यावा. विळखा बसण्याआधीच कोपर बरगड्यांना घट्ट चिकटवणे, छाती व पोट गादीला दाबून ठेवणे, आणि ज्या बाजूला पलटी येते तिच्या उलट बाजूला कंबर सरकवणे, या तीन गोष्टी विचार न करता व्हायला हव्यात. वस्तादाने शिटी वाजवायची, खालच्याने ठरावीक वेळ तग धरायचा आणि मग जागा बदलायच्या, एवढा साधा सराव पुरतो. हा सराव कंटाळवाणा असल्यामुळे बहुतेक ठिकाणी तो टाळला जातो.

विजेत्याची कारकीर्द कशी वाचावी

अलेक्सांदर करेलिन या रशियन मल्लाच्या कुस्त्यांच्या चित्रफिती प्रत्येक मुलाने पाहिलेल्या असतात, पण पाहून तो एकच गोष्ट उचलतो: 130 किलोच्या माणसाला पालथ्या स्थितीतून उलटे उचलून फेकणे. त्याची कारकीर्द जवळून पाहिली तर वेगळेच काही हाती लागते. करेलिन 13 व्या वर्षी कुस्तीकडे वळला आणि अखेरपर्यंत व्हिक्टर कुझ्नेत्सोव्ह या एकाच प्रशिक्षकाकडे राहिला. आपल्याकडे एका पराभवानंतर तालीम बदलणारी मुले आणि बदलायला लावणारे पालक यांनी याची नोंद घ्यावी. 1988, 1992 आणि 1996 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि नऊ जागतिक विजेतेपदे त्याने एकाच वजनगटात मिळवली. अटलांटातील सुवर्ण तर खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर थोड्याच काळात आलेले होते.

त्याचा 2000 मधील सिडनीचा अंतिम सामना अधिक बारकाईने पाहावा. अमेरिकेच्या रुलन गार्डनरकडून तो 1-0 असा हरला, आणि तो एक गुण फेकीचा नव्हता. दुसऱ्या फेरीच्या आरंभी छातीला छाती लावून बांधलेली हाताची पकड करेलिनकडून सुटली म्हणून तो गेला. पकड सोडणाऱ्याविरुद्ध गुण देण्याचा हा नियम तेव्हा नवा होता. तेरा वर्षांत आंतरराष्ट्रीय कुस्ती न हरलेला मल्लही नियमाच्या एका कलमावर हरू शकतो.

क्युबाचा मिहाइन लोपेझ हा दुसरा अभ्यासाचा विषय. 2008 पासून 2024 पर्यंत सलग पाच ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. एकाच वैयक्तिक प्रकारात असे करणारा तो पहिला खेळाडू. पॅरिसच्या वेळी त्याचे वय 41 होते. त्याच्या कुस्त्यांमध्ये चमत्कृती थोडी असते. गादीचा मध्य सोडायचा नाही, प्रतिस्पर्ध्याला आधी निष्क्रिय ठरवून घ्यायचे, आणि मिळालेली एक संधी वाया घालवायची नाही, हे तो करीत राहिला. मात्र हे दोघे सर्वांत वरच्या गटातले आहेत. हलक्या अंगाच्या मुलाने जपानच्या केनिचिरो फुमिताला पाहावे. 60 किलो गटात टोकियोत रौप्य आणि पॅरिसमध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या या मल्लाची मागे टाकायची फेक लवचीक पाठीच्या जोरावर येते. पॅरिसमधील सहापैकी चार ग्रीको-रोमन सुवर्णपदके जपान आणि इराण या दोन आशियाई देशांनी वाटून घेतली, त्यामुळे अंगकाठीची सबब फारशी टिकत नाही.

भारतीय चित्र मात्र प्रामाणिकपणे पालकांसमोर ठेवले पाहिजे. या प्रकारात भारताला आजवर ऑलिंपिक पदक मिळालेले नाही, आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही वेळी एकही भारतीय ग्रीको-रोमन मल्ल पात्र ठरला नाही. मुंबईच्या संदीप तुलसी यादव यांनी 2013 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत 66 किलो गटात मिळवलेले कांस्य हे या प्रकारातील भारताचे पहिले जागतिक पदक होय. हरियाणाच्या सुनील कुमार यांनी 2020 मध्ये दिल्लीतील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 87 किलो गटात सुवर्ण, आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य मिळवले. कोल्हापुरात आपण खाशाबा जाधवांचे नाव घेतो ते योग्यच आहे, पण त्यांचे 1952 चे हेलसिंकीतील कांस्य फ्रीस्टाइलमधले होते.

वय आणि वजन

मुलाने 14 व्या वर्षापर्यंत तालमीत सर्व प्रकारची मेहनत करावी आणि दोन्ही प्रकार चाखून पाहावेत. पंधरा-सोळाव्या वर्षी निर्णय घ्यावा. ज्याचा हात खडाखडीत जड पडतो, ज्याला मिठी मारून कुस्ती करणे आवडते आणि ज्याची पाठ लवचीक आहे, तो या प्रकाराला योग्य. ज्याचे सारे यश पटावर उभे आहे, त्याला ओढून आणू नये. आंतरराष्ट्रीय नियमांत 17 वर्षांखालील गट 16 आणि 17 वर्षांच्या मुलांसाठी असतो, आणि 15 वर्षांच्या मुलाला वैद्यकीय दाखला व पालकांची संमती असल्यास त्यात लढता येते. पुढे 20 आणि 23 वर्षांखालील गट येतात. हे तीन टप्पे ओलांडून वरिष्ठ गटात स्थिर व्हायला वेळ लागतो, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावे.

वजनाच्या बाबतीत मातीतल्या सवयी सर्वाधिक आड येतात. ऑलिंपिकला 60, 67, 77, 87, 97 आणि 130 किलो हे सहाच गट आहेत. जागतिक स्पर्धेत त्यांत 55, 63, 72 आणि 82 यांची भर पडते. मैदानी कुस्तीत वजन वाढवणे फायद्याचे असल्यामुळे आपल्याकडे 105 ते 110 किलोचे मल्ल पुष्कळ दिसतात, आणि ग्रीको-रोमनच्या हिशेबात हे वजन सर्वांत अडचणीचे आहे: 97 ला उतरता येत नाही आणि 130 च्या गटात समोरचा 20 किलोने जड असतो. खुराक बंद करण्याची गरज नाही. दूध, अंडी, मटण, बदामाची थंडाई हे सारे राहू द्यावे, पण वजनगट ठरवून त्या मापाने तूप आणि भाकरी-चपाती घ्यावी. स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत उपाशी राहून, घाम काढून पाच-सहा किलो उतरवण्याची पद्धत धोक्याची आहे, विशेषतः वाढत्या वयात. आता मोठ्या स्पर्धांत प्रत्येक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही सकाळी वजन घेतले जाते. पॅरिसमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅमने जास्त भरली आणि अपात्र ठरली, हे सर्वांना ठाऊक आहे.

मैदान, नोकरी आणि कागदपत्रे

जत्रा-यात्रांच्या हंगामात गावोगावी मैदाने भरतात, आणि चांगल्या मल्लाला त्यांतून रोख इनाम मिळते. ग्रीको-रोमनला असे मैदान नाही, हलगी नाही, आणि गावचा फेटाही नाही. कुस्ती पाहायला पंच, दोन्ही प्रशिक्षक आणि थोडे प्रेक्षक असतात. ज्या घराचा खर्च मुलाच्या इनामावर चालतो, त्या घराने हा प्रकार निवडण्यापूर्वी पर्यायी आधार शोधावा. मधला मार्ग म्हणून हंगामात चार मैदाने मारू दिली जातात. माझ्या मते वरिष्ठ गटात स्थिरावलेल्या मल्लाने ते करण्यास हरकत नाही, पण अठराच्या आतल्या मुलाने करू नये.

आधार मिळण्याची सर्वांत खात्रीची जागा लष्कर आणि रेल्वे या संस्थांमध्ये आहे, आणि राष्ट्रीय स्पर्धांत या प्रकारात त्यांच्याच संघांचा दबदबा असतो. लहान वयाच्या मुलांसाठी लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहेत; बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात कुस्तीची अशी कंपनी असून कोल्हापूरहून ती जवळ पडते. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्येही कुस्तीचे प्रशिक्षण चालते. अशा ठिकाणी रोज त्याच वजनाचे आणि त्याच प्रकाराचे चार-पाच जोडीदार मिळतात. गावच्या तालमीत नेमका हाच अभाव असतो, आणि तो वस्तादाच्या कौशल्याने भरून निघत नाही.

राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची शासनाकडून पडताळणी व्हावी लागते. म्हणून स्पर्धेत उतरण्यापूर्वी ती मान्यताप्राप्त संघटनेची आहे ना, हे विचारून घ्यावे. संघटनांच्या वादात मुलाची दोन-दोन वर्षांची प्रमाणपत्रे निरुपयोगी ठरल्याची उदाहरणे आहेत. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड यांवरील जन्मतारीख एकच असावी. वय कमी दाखवून खालच्या गटात लढवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. पकडले गेल्यावर बंदी मुलावर येते, सल्ला देणाऱ्यावर येत नाही.

शरीर आणि औषधे

या प्रकारात डोक्याला डोके घासत असल्यामुळे कानाला सूज येऊन रक्त साचते. मोडलेला कान हे मल्लाचे भूषण मानण्याची पद्धत असली, तरी सूज ताजी असताना डॉक्टरांकडून ती काढून घेतल्यास कान आणि ऐकणे दोन्ही टिकते. खांदा, मान आणि बरगड्या या नेहमीच्या दुखापतींच्या जागा आहेत. मानेतून हाताकडे मुंग्या आल्या तर त्या दिवशी सराव थांबवून तपासणी करावी, मालिशवाल्याकडे जाऊ नये. गादी रोज जंतुनाशकाने पुसली जात नसेल तर गजकर्ण साऱ्या तालमीत पसरते.

उत्तेजक द्रव्यांच्या बाबतीत अज्ञान ही सबब चालत नाही. जिममधील ओळखीच्या माणसाने दिलेली पावडर, सर्दी-खोकल्याचे औषध किंवा ताकदीची म्हणून दिलेली गोळी, यांतील कशातही बंदी असलेले द्रव्य असू शकते, आणि चाचणीत ते सापडल्यास जबाबदारी मल्लाचीच धरली जाते. डॉक्टरांकडे जाताना आपण स्पर्धात्मक खेळाडू आहोत हे आधी सांगावे आणि लिहून दिलेले औषध नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीशी ताडून मगच घ्यावे.

कारकीर्द संपत आल्यावर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील प्रशिक्षण पदविकेचा विचार करावा. कोल्हापुरात फ्रीस्टाइल आणि माती शिकवणारे वस्ताद भरपूर आहेत, ग्रीको-रोमनचे पदविकाधारक प्रशिक्षक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे राष्ट्रीय पातळीवर लढलेल्या मल्लाला येथे काम मिळण्यास अडचण नसावी. प्रवेशासाठी शिक्षण आणि खेळातील कामगिरी दोन्ही पाहिली जातात, म्हणून पदवी पूर्ण करण्याचे काम सरावाच्या वर्षांतच उरकून घ्यावे.